तिला बरं नाही

बारकूने बेलच्या बटणावर बोट ठेवलं आणि ते तसंच राहिलं. बंद दारापलीकडे वहिनी बोलत होती. "आधी पाय पूस," ती म्हणाली, "आत्ताच लादी पुसलीय मी." त्याने खाली पाहिलं आणि मुकाट्याने पायपुसण्यावर बूट घासले. दुसरा बूट घासताना त्याला आठवलं, की वहिनीला जाऊन वर्ष होत आलं.

आवाज कुठून येतोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. टीव्हीखालचा तो काळा डबा त्यानेच तर लावून दिला होता. त्यामुळे तो घाबरला नाही. पण डोक्याला कळायच्या आधी पायांनी तिचं ऐकलं, हे त्याला कसंसंच वाटलं. पन्नाशी उलटलेला, टक्कल पडलेला, जिना चढताना धापा टाकणारा माणूस. याला अजून बारकू म्हणतात याचं ऑफिसात सगळ्यांना हसू यायचं. तो माणूस एका मेलेल्या बाईच्या सांगण्यावरून बूट पुसत उभा होता. तेवढ्यात आतून दादा म्हणाला, "पुसले गं, पुसले." मग थोडं थांबून वहिनी हसली. "आणि पिशवी टेबलावर नको." "नाही ठेवत." "बघू." आणि पुन्हा हसू. वाक्याला वाक्य इतकं चपखल बसत होतं की मध्ये पातं घालायला जागा नव्हती. अनेक वर्षं एका छताखाली काढलेली दोन माणसंच असं बोलू शकतात. बारकूने बटणावरचं बोट काढून घेतलं, अर्धा जिना खाली उतरला, तिथल्या खिडकीशी उगाच उभा राहिला आणि मग मुद्दाम खोकत, पाय आपटत पुन्हा वर आला. दार उघडेपर्यंत आत सगळं शांत झालं होतं. "ये," दादा म्हणाला आणि सवयीने त्याच्या बुटांकडे पाहिलं.

डबा हा बारकूचा जुना नाद. विमा कंपनीच्या संगणक विभागात तो दुरुस्तीचं काम बघायचा. काउंटरवरचे छोटे संगणक बदलले की जुने तळघरातल्या खोलीत येऊन पडत. जाड शब्दकोशाएवढे काळे डबे, आत पंखासुद्धा नाही, म्हणून मुके. जीव एवढासा, की साधं पत्र टाइप करायचं म्हटलं तरी अक्षरं दाराशी रांग लावून उभी राहायची. कुणालाच ते नको असत, आणि म्हणूनच बारकूला हवे असत. त्यांची एक गंमत फक्त त्याला कळली होती. त्यांच्या पोटातलं जुनं अवजड सॉफ्टवेअर काढून टाकायचं, एक हलकं, फक्त चित्र आणि आवाज ओळखणारं घालायचं, ब्रशने धूळ झाडायची, बोर्डावरचा संपलेला गोल सेल बदलायचा आणि टीव्हीला जोडून द्यायचा. जो डबा चार ओळींचं पत्र लिहिताना गुदमरायचा, तो अख्खा सिनेमा न अडखळता दाखवायचा. एकच काम द्यायचं, बस. "अगदी तुमच्यासारखा आहे हो," बायको म्हणायची. ओळखीत त्याने असे पुष्कळ डबे वाटले होते. लोक गाणी ऐकत, नातवंडांना कार्टून लावून देत. एखादा अडला तर बारकूला फोन येई आणि तो सांगे, "बंद करा, जरा दम घेऊ द्या त्याला, मग चालू करा." यंत्राबद्दल असं बोलायची त्याची पद्धतच होती. आता मात्र त्याला ती पद्धत आठवली, की तोंड धुवावंसं वाटे.

दादा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायचा. आयुष्यभर पेन्सिल, पट्टी आणि सरळ रेघ. बोलणं त्याला कधी लागलंच नाही, कारण दोघांच्या वाटचं वहिनी बोलून टाकायची. ती गेल्यावर त्या घरात जी शांतता आली ती शोकाची नव्हती, नळाचं पाणी गेल्यावर येते तशी होती. दादा टीव्हीचा आवाज बंद करून समोर बसून राही. बारकूला ते बघवेना. कपाटात जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या कॅसेटी पडून होत्या. मुलगी लहान असताना दादाला एवढा एकच शौक लागला होता. बारकूने त्या घरी नेल्या, एकेक करून संगणकात उतरवल्या, एका डब्यात भरल्या, सोबत थोडे सिनेमे, थोडी गाणी. मोठ्या बटणांचा रिमोट आणला. डब्यातली हार्ड डिस्क जुनीच होती, पण जागा भरपूर होती तिच्यात, म्हणून तीच ठेवली. लावून दिलं त्या दिवशी दादाने एक सिनेमा अर्धा पाहिला, "बरं झालं," म्हणाला आणि बारकू हलक्या मनाने घरी गेला. सगळ्या कॅसेटींमध्ये कॅमेरा दादाच्या हातात होता, हे तेव्हा त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. वहिनी सतत कॅमेऱ्याकडे बघून, म्हणजे दादाकडेच बघून बोलत होती. आणि दादा काही उत्तर देईल म्हणून जरा थांबत होती. त्या वेळी दादाने कधी उत्तर दिलंच नव्हतं. त्या सगळ्या थांबलेल्या जागा तशाच रिकाम्या राहिल्या होत्या.

आता तो त्या भरत होता. नकाशे काढणाऱ्या माणसाच्या चिकाटीने त्याने तुकडे नीट लावून घेतले होते. सकाळी वहिनी पडदे बाजूला सारायची. मग ती चहा गाळायची. दुपारी कुठल्याशा सहलीत झाडाखाली बसून डबे उघडायची. बारकू रविवारी जायला लागला आणि टेबलाशी बसून हे बघायला लागला. पहिल्यांदा त्याला वाटलं, असू दे, म्हाताऱ्याला विरंगुळा आहे. दादाचा चेहराही उजळला होता. तो आता बोलत होता, आणि पुष्कळ बोलत होता. एके दुपारी दोघे जेवत होते. भात नुकताच वाढलेला, दादाने जेमतेम दोन घास घेतले असतील. पडद्यावर वहिनी झाडाखाली हसत म्हणाली, "पुरे आता, किती खाशील!" दादाने चमचा खाली ठेवला. ताट सारलं आणि हात धुवायला उठला.  तेव्हा कुठे बारकूने दादाच्या मनगटाकडे पाहिलं. घड्याळाचा पट्टा शेवटच्या छिद्रात होता आणि तरीही घड्याळ कोपरापर्यंत घसरत होतं. "दादा, तू जेवत का नाहीस?" "जेवलो की. आत्ता तुझ्यासमोरच नाही का?" त्यानंतर बारकू वेगळ्या कानांनी ऐकू लागला. कुठल्याशा पावसाळी दिवशी वहिनी म्हणाली होती, "दार लावून घे, वारा येतोय." दादा उठून दार लावी, कडी घाली. शेजारचा शिंपी पूर्वी संध्याकाळी गप्पा मारायला यायचा. त्याने दोनतीनदा दार ठोठावलं असेल, मग येणं सोडलं. कधीकाळी मुलीच्या वाढदिवसाच्या तयारीत फोन वाजला असताना वहिनी म्हणाली होती, "राहू दे तो फोन, आपण बोलतोय ना." दादाने फोन उचलायचं थांबवलं. जिवंत असताना वहिनीने कुणाला कधी उपाशी ठेवलं नव्हतं, कुणासाठी दार बंद केलं नव्हतं. आई गेली तेव्हा बारकू शाळेत होता. त्याच्या डब्यापासून त्याच्या लग्नापर्यंत सगळं तिनेच केलं. पण तिच्या बोलण्यातली एवढीच कात्रणं शिल्लक राहिली होती. आणि त्या कात्रणांची मिळून एक वेगळीच बाई तयार झाली होती. ती गोड हसायची आणि माणसाला हळूहळू आवळत जायची. ती बाई त्याने स्वतःच्या हातांनी आणून ठेवली होती. जिना उतरताना त्याची पाठ आपोआप आखडायची, जणू ती वरून काही सांगेल आणि त्याला ते करावं लागेल.

दादाच्या मुलीचा फोन आला तेव्हा तो ऑफिसातून निघत होता. ती दूरच्या शहरात असायची, दिवस भरत आले होते, प्रवास बंद होता. "काका, बाबा फोन उचलत नाहीत. शेजाऱ्यांना पाठवलं तर आतून म्हणाले, आम्ही कामात आहोत. आम्ही म्हणजे कोण?" बारकू बाजूला होऊन जिन्याशी उभा राहिला. मग त्याने सांगितलं, अर्धंमुर्धं, जमेल तसं. तिने सगळं ऐकून घेतलं. "मी त्यांना इकडे आणणार आहे. पण ते यंत्र आहे तोवर बाबा घर सोडायचे नाहीत. काका, तुम्ही लावलंत ना ते? मग तुम्हीच बिघडवा. तुम्हाला काय अवघड आहे?" "बघतो," तो म्हणाला. "बघतो नाही, करा. मला आई एकदा गेली तेवढं पुरे आहे." हे ती रागाने म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

तो गेला. कीबोर्ड जोडला, दादाला म्हणाला, जरा तपासतो. दादा खुर्ची ओढून शेजारी बसला, रुग्णाच्या उशाशी बसावं तसा. बारकूला काही बिघडवावं लागलंच नाही. हार्ड डिस्कची अवस्था पडद्यावर उमटली आणि ती वाचताच त्याला कळलं. ठिकठिकाणी ती वाचता येईनाशी झाली होती, आणि अशी जागा एकदा पडली की पसरत जाते. कान लावला तर आतून बारीक कट् कट् ऐकू येत होतं, कोरड्या खोकल्यासारखं. रात्रंदिवस चालू ठेवलेली म्हातारी डिस्क. नवी टाकणं हा चहा होईपर्यंतचा उद्योग होता. नवी डिस्क ऑफिसातल्या खणात होती, कॅसेटींची अख्खी प्रत तिथेच होती. त्याने पडद्यावरचा अहवाल मिटवला. "काय, ठीक आहे ना सगळं?" दादाने विचारलं. आपल्या गळ्यातून आलेला आवाज बारकूला फार सौम्य, फार सराईत वाटला. "ठीक आहे," तो म्हणाला. रस्त्यावर आल्यावर त्याने स्वतःला सांगितलं, मी काहीही केलेलं नाही. हे अगदी खरं होतं. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या काचेत त्याला आपला चेहरा दिसला तेव्हा तो रस्ता ओलांडून पलीकडे गेला.

पुढचे दिवस तो वाट पाहत होता. कशाची, हे स्वतःशी कबूल न करता. फोन वाजला की तो आधी नाव बघायचा, नाही वाजला की दर थोड्या वेळाने फोन हातात घ्यायचा. बायकोने विचारलं, "तुम्हाला हल्ली होतंय काय?" त्याने सांगितलं, कामाचा ताण. काम मात्र नीट चाललं होतं. हात आपले आपण स्क्रू फिरवत होते. आणि मग एका सकाळी, ऑफिस नुकतं भरलेलं, सगळ्यांच्या टेबलावर पहिला चहा वाफाळत असताना दादाचा फोन आला. जो फोन उचलत नव्हता, त्याने स्वतः लावला होता.

"बारकू, लगेच ये. तिला बरं नाही."

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे काय? ये तू."

दार सताड उघडं होतं. टीव्हीवर वहिनी खिडकीचा पडदा सारताना मागे वळलेली, तिथेच अडकली होती. अर्धा चेहरा चौकोनांमध्ये फुटला होता, तोंड उघडं, आणि एकच अक्षर पुन्हा पुन्हा, "ये, ये, ये, ये." मधूनच ते थांबे आणि नुसती घरघर येई. दादा बूट घालून, बाहेर जायचा शर्ट घालून, हातात घडी केलेला टॉवेल घेऊन तयार उभा होता. "दम लागलाय तिला," तो म्हणाला. त्याचे डोळे स्वच्छ होते, आवाज ठाम होता. "मागच्या वेळी आपण दुपार घालवली. ती म्हणत राहिली, उकाड्याने होतंय, पडून राहते जरा, आणि आपण ऐकलं. या वेळी तिचं ऐकायचं नाही."  दादा, हा डबा आहे, असं म्हणायला बारकूने तोंड उघडलं आणि मिटलं. त्याने वायरी काढल्या. काढताना दादा डब्याखाली दोन्ही हात धरून होता. पडदा काळा झाला तेव्हा त्याने मान फिरवली. टॅक्सीत डबा टॉवेलमध्ये गुंडाळून त्याच्या मांडीवर होता. "अंग गरम आहे," दादा हळूच म्हणाला. टॅक्सीवाल्याने आरशातून पाहिलं, टॉवेलाकडे, मग बारकूकडे, आणि न सांगता वेग वाढवला. बाहेर नेहमीचं शहर चाललं होतं. कुणी काचा पुसत होतं, कुणी कुत्र्याला ओढत होतं. बारकूच्या मनात आलं, आपण खरोखरच हॉस्पिटलला चाललो असतो तरी बाहेर एवढंच दिसलं असतं. वहिनीला नेलं तेव्हा तो याच बाजूला बसला होता, तिचं डोकं दादाच्या खांद्यावर होतं आणि ती मधूनमधून म्हणत होती, उगाच धावपळ करताय.

ऑफिसच्या तळघरात दुरुस्तीच्या खोलीबाहेर एक बाक होतं. दादा त्यावर बसला, गुडघे जुळवून, हात मांडीवर. "मी आत येऊ?" "नको. तू इथेच बस." दार लोटून बारकूने डबा टेबलावर ठेवला, चार स्क्रू काढले. डिस्क उघडी पडली. वीज दिल्यावर ती फिरायचा प्रयत्न करी, कट् कट् करी, थांबे, पुन्हा फिरू पाही. खण त्याच्या उजव्या हाताशी होता. त्यात नवी डिस्क होती आणि प्रतही होती. खण उघडला असता तर दादा तासाभरात हसत घरी गेला असता, दार लावून बसला असता, आणि वहिनी म्हणेल तेवढेच घास खात कधीतरी त्या खुर्चीतच संपला असता. नाही उघडला तर मुलगी त्याला घेऊन जाईल. हिशेब इतका सरळ होता, की त्यात कुठे चूक आहे तेच बारकूला सापडत नव्हतं. आणि तरी नजर डिस्कवरून हलत नव्हती. कारण ती डिस्क त्याच्यासमोर धडपडत होती, आणि तिच्यात कुठेतरी वहिनी त्याला म्हणत होती, बारकू, डबा संपवलास का रे? हा तुकडा होता. त्यानेच उतरवला होता, आणि उतरवताना तो रडला होता. त्याने वीज बंद करायला हवी होती. निदान तेवढं तरी. पण तो हात मांडीवर ठेवून बसून राहिला आणि ऐकत राहिला. कट् कट् विरळ झालं. मग एकदाच एक लांब, खालच्या सुरातला आवाज आला आणि नंतर काहीच आलं नाही.

तो बाहेर आला. हातात फडकं होतं, बोटं पुसत होता. का पुसतोय ते त्यालाही कळलं नाही. दादा उठून उभा राहिला.

"गेली," बारकू म्हणाला. डिस्क गेली, असं त्याला म्हणायचं होतं.

दादाने त्याच्या मागे, दाराकडे पाहिलं. मग अगदी साध्या, शहाण्या आवाजात म्हणाला, "तुझ्याकडे दुसरी प्रत असेल ना रे?"

म्हणजे दादाला सगळं माहीत होतं. निदान त्या क्षणी तरी.  अजूनही वेळ होती. खोली मागे होती, खण तिथेच होता. "नाही," तो म्हणाला.

दादाने त्याच्याकडे पाहिलं. काढलेली रेघ सरळ आहे की नाही हे डोळे बारीक करून तपासायची त्याची जुनी सवय होती, तसं पाहिलं, बराच वेळ. मग त्याने टॉवेलाची घडी घातली, काखेत धरली आणि मान लववली.

"बरं डॉक्टर," तो म्हणाला. "तुम्ही म्हणाल तसं."

बारकू हसला. थट्टा असावी असं त्याला वाटलं, दादा आयुष्यात कधी थट्टा करत नसला तरी. टॅक्सीत त्याने तीनदा हाक मारली, "दादा, अरे दादा," आणि तीनदाही दादाने सभ्यपणे मान वळवून विचारलं, "काही म्हणालात का?" वहिनी गेल्यावर बारकूला 'तू' म्हणणारं जगात एवढं एकच माणूस उरलं होतं.

मुलगी बाळंत झाली, तिचा नवरा येऊन दादाला घेऊन गेला. दादाने एका शब्दाने विरोध केला नाही. फोनवर पुतणी सांगायची, "बाबा छान आहेत काका. जेवतात, फिरायला जातात, बाळाला सांभाळतात. सगळ्यांना ओळखतात. तुम्ही केलंत ते बरोबर केलंत." बारकू विचारायचा, माझी आठवण काढतो का, आणि ती म्हणायची, "रोज." तरी दादा फोनवर कधी आला नाही. अखेर बारकूच गेला, उन्हं उतरायच्या सुमारास. पुतणी दार उघडून आत दूध बघायला पळाली. दादा खिडकीशी बसला होता, गालांवर मांस आलं होतं, घड्याळ मनगटावर घट्ट बसलं होतं. मांडीवर बाळ झोपलं होतं. त्याने मान वर केली आणि त्याचा चेहरा इतका उजळला की बारकूला वाटलं, संपलं एकदाचं सगळं.

"या, या," दादा म्हणाला. "एवढ्या लांब आलात? बसा ना, डॉक्टर."

बारकू बसला. दादाने त्याच्या प्रवासाची चौकशी केली, हवेबद्दल बोलला, बाळाच्या मुठी दाखवल्या. सगळं नीट, जागच्या जागी. पूर्वी त्याला एवढं बोलताना बारकूने पाहिलं नव्हतं. मग आवाज उतरवून, बाळ जागं होऊ नये म्हणून किंचित पुढे झुकून तो म्हणाला, "तुम्हाला दोष नाही हं देत मी. तुम्ही तरी काय करणार. पण माझा एक धाकटा भाऊ आहे. हल्ली येत नाही तो, कामात असतो. हाताला फार गुण आहे त्याच्या. बिघडलेलं काहीही द्या, बसून बसून चालू करतो. लहानपणापासून तिनेच वाढवलाय त्याला. तो त्या दिवशी तिथे असता ना, तर त्याने तिला अशी जाऊ दिली नसती."

आतून पुतणीने भांडं ठेवल्याचा आवाज आला. बाळाने झोपेत ओठ हलवले. दादा वाट बघत होता. आता समोरच्याने बोलायचं होतं, त्यासाठी त्याने जागा सोडली होती.

"हो," बारकू म्हणाला. "त्याला बोलवायला हवं होतं तुम्ही."